तीन तास बारा मिनिटं

सिनेमा तीन तास बारा मिनिटांचा आहे आणि त्याला मध्यंतर नाही, हे उंटकाकांना कळलं तेव्हा हातात फक्त आठ दिवस होते. मुलाचा फोन काकूंनी घेतला होता आणि स्पीकरवर टाकला होता. काका खिडकीशी बसून नखं कापत होते.

"मध्यंतर नाही म्हणजे काय रे?" काकूंनी विचारलं.

"नाही म्हणजे नाही, आई. मध्येच दिवे लागले की सगळा ताण विस्कटतो. थिएटरवाल्याशी भांडून मिळवलंय मी ते." मग मुलगा म्हणाला, "बाबा येणारेत ना?"

"येणारेत ना काय विचारतोस! पोराचा पहिला सिनेमा आणि बाप घरी बसेल?"

"या वेळी शेवटपर्यंत बसतील का, तेवढं विचार."

काकू हसल्या, मुलगाही हसला. पण त्या हसण्यात काय होतं ते काकांना बरोबर कळलं. नेलकटर अंगठ्याच्या कडेला चावलं आणि रक्ताचा थेंब आला.

आता या माणसाला उंट का म्हणायचे ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं उगाच वाटेल. काकांनी एकतीस वर्षं टॉवर क्रेन चालवली. बांधकामाच्या डोक्यावर, सत्तर मीटर उंच, काचेची एक पेटी असते. त्या पेटीत एक खुर्ची, दोन दांडे आणि एक माणूस. शिडीनं वर चढायला वीस मिनिटं, उतरायला पंधरा. एकदा चढलं की शिफ्ट संपेपर्यंत खाली येणं नाही. मग मधल्या वेळात लागली तर? बाकीचे ऑपरेटर बाटली ठेवायचे. काका नाही ठेवायचे. "खाली माणसं काम करतायत," ते म्हणायचे, "त्यांच्या डोक्यावर बसून मला नाही जमत असलं काही." सकाळपासून पाण्याचा थेंब नाही, चहाचा घोट नाही आणि नऊ नऊ तास वर. खालचे लोक पैजा लावायचे, आज उतरतोय का बघू. काका उतरायचे नाहीत. तेव्हापासून उंट. ते नाव त्यांनी आयुष्यभर छातीवर बिल्ला लावल्यासारखं मिरवलं.

दुसरीही एक गोष्ट ते नव्या ऑपरेटरला पहिल्या दिवशी सांगायचे. हुकाला वजन लटकत असताना खुर्ची सोडायची नाही. भूक लागो, वीज कडाडो, घरून निरोप येवो, वजन जमिनीला टेकेपर्यंत बूड हलवायचं नाही. एकतीस वर्षांत त्यांनी ते एकदाही मोडलं नव्हतं. निदान क्रेनवर तरी नाही.

मोडलं ते शाळेच्या हॉलमध्ये.

मुलगा तेव्हा आठवीत होता. त्यानं स्वतः नाटक लिहिलं होतं आणि मुख्य कामही त्याचंच होतं. काकू बहिणीच्या बाळंतपणाला परगावी गेल्या होत्या, म्हणून पहिल्या रांगेतली राखीव खुर्ची एकट्या काकांची. त्या दिवशी साइटवर काम तुंबलेलं, नऊ तास बूड हललं नव्हतं. उतरले ते धावतपळत तसेच शाळेत. घरी जाऊन यावं तर नाटक सुरू होईल. बसू की, त्यात काय, आपण उंट! अर्धं नाटक बसलेही. मग जे काही पोटात खालून वर चढलं, त्यानं डोळ्यांपुढे काजवे चमकले. उठले. शाळेच्या स्वच्छतागृहाला कुलूप. मैदानाच्या पलीकडच्या भिंतीकडे पळत सुटले आणि भिंत चार पावलांवर असताना उंटाचा धीर सुटला. खाकी पँट गुडघ्यापर्यंत भिजली.

तशा पँटनं उजेडात पहिल्या रांगेत परत कसं जायचं? मागच्या गल्लीनं ते घरी गेले, पँट स्वतः धुतली, वाळत टाकली. मुलगा घरी आला तेव्हा त्याच्या गालावर अजून रंग होता.

"बाबा, तुम्ही मध्येच गेलात?"

"काम आठवलं."

"कसलं काम?"

"होतं काम."

एवढंच. 'अरे, मला लागली होती रे,' एवढंसं वाक्य. पण ज्या माणसाच्या न उतरण्यावर पैजा लागतात, त्यानं पोराला सांगायचं की मैदानात माझी पँट ओली झाली?  मुलानं त्यानंतर कधी त्यांना काही वाचून दाखवलं नाही, कशाला बोलावलं नाही. बोलणं होतं, पण ते औषधांचं, वीज गेल्याचं, आई बरी आहे का एवढ्यापुरतं. वीस वर्षं ते एक वाक्य काकांच्या घशात अडकून राहिलं. दर वर्षी ते थोडं आणखी फुगलं. आणि आता पोरानं बोलावलं होतं. आपणहून बोलावलं होतं. पुन्हा बोलावेल याची खात्री कोण देणार?

काका आता अडुसष्टचे होते. या वयात पुरुषांची जी प्रोस्टेटची गाठ वाढते ती त्यांचीही वाढली होती. उंटाला आता तासाभरात एकदा उठावं लागे. तरी त्यांनी कंबर कसली. आठ दिवस टीव्हीसमोर खुर्ची टाकून सराव केला. पहिल्या दिवशी एक तास दहा मिनिटं. तिसऱ्या दिवशी पावणेदोन तास. पाणी तोडलं, चहा तोडला, फळं तोडली. जुन्या युक्त्या आठवून काढल्या. टाच दाबून धरायची. खुर्चीच्या पुढच्या कडेवर बसायचं. डोळ्यांपुढे कोरडं कोरडं आणायचं, सिमेंट, वाळू, विटा. सातव्या दिवशी दोन तास पंचावन्न मिनिटं झाली तेव्हा ते स्वयंपाकघरात जाऊन काकूंना म्हणाले, "जमतंय." काय जमतंय ते काकूंना कळलं नाही. बाईंना वाटलं, निवृत्तीचं रिकामपण जमतंय.

राहिली गोळी. रक्तदाबाच्या दोन गोळ्यांपैकी एक चपटी पांढरी होती. ती देताना डॉक्टर म्हणाले होते, "काका, ही अंगातलं पाणी काढते. घेतलीत की दोन-तीन तास कुठे अडकू नका." काकांनी सिनेमाच्या दिवशी ती डबीतच ठेवली. रात्री घेऊ, एका दिवसानं काय आकाश कोसळतं?

आणि दुपारी सव्वादोन वाजता, टॅक्सी दारात उभी असताना, काकूंनी डबी उघडून पाहिली.

"अहो, हे काय? आजची गोळी तशीच!"

"आल्यावर घेतो."

"आल्यावर कसली? मागे अशीच विसरलात आणि पायांचे नुसते खांब झाले होते."

"अगं, ती गोळी... तिनं सारखं जावं लागतं."

"मग? थिएटरला काय बाथरूम नसतं?"

 खरं उत्तर द्यायचं तर वीस वर्षांपूर्वीच्या मैदानापासून सुरुवात करावी लागली असती, आणि खाली टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता. काकूंनी एका हातात गोळी आणि दुसऱ्या हातात काठोकाठ पाण्याचा पेला धरला होता. "आ करा," त्या म्हणाल्या. बायको अशी दारात उभी राहिली की तिच्यापुढे क्रेनही हलत नाही. काकांनी गोळी गिळली. पेला रिकामा होईपर्यंत काकू बाजूला झाल्या नाहीत.

टॅक्सीत बसताना काकांना घाम फुटला होता. काकू म्हणाल्या, "किती टेन्शन घेताय! सिनेमा त्याचा आहे, तुमचा नाही."

थिएटरच्या दाराशी मुलगा उभा होता. काळा शर्ट, दाढी वाढलेली, दोन रात्री झोपला नसावा. त्यानं आईला मिठी मारली. वडिलांना वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "आलात." हातात छोटी वही आणि टोकाला दिवा असलेलं पेन.

"तू आमच्याजवळ नाही बसणार?" काकूंनी विचारलं.

"मी दाराशी उभा राहणार. पडदा काय, पाठ झालाय. मी लोकांकडे बघतो. कोण कितव्या मिनिटाला उठतं ते लिहून ठेवतो. माणूस उठला, म्हणजे तिथं आपला सिनेमा कुठेतरी ढिला पडलाय." हे बोलताना तो वडिलांकडे बघत नव्हता.

आत गेल्यावर काकांनी दार पाहिलं. बाहेर जायला ते एकच, पडद्याच्या उजव्या हाताला. त्याच्या पलीकडे स्वच्छतागृह. म्हणजे ज्याला जायचंय त्यानं मुलाच्या नाकासमोरून जायचं. सिनेमा सुरू होण्याआधी दोनदा जाऊन आले होते काका, तिसऱ्यांदाही गेले. मग बसले. तिसरी रांग, बरोबर मधली खुर्ची. दोन्हीकडे दहा-दहा गुडघे ओलांडल्याशिवाय सुटका नाही. मुलानं मुद्दाम चांगली जागा दिली होती.

काकूंनी या दिवसासाठी त्यांना नवी पँट शिवून घेतली होती. फिक्कट करड्या रंगाची.

तीन वाजता अंधार झाला आणि पडद्यावर पाणी आलं.

सिनेमा एका नावाड्याचा होता. काकांना कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्या क्षणापासून पाणीच पाणी, काठाला लागणारं, फळीखाली गुळगुळणारं, वल्ह्यावरून टप टप ठिबकणारं. आवाज तर असा केला होता की नदी खुर्चीखालून वाहतेय. काकांनी मनात म्हटलं, वा रे पठ्ठ्या, बापाचा बरोबर सूड घेतलास.

सिमेंट, वाळू, विटा.

पहिला अर्धा तास बरा गेला. काकूंच्या मनगटावरच्या घड्याळाचे काटे अंधारात हिरवे दिसत होते. तीन पस्तीसला पहिली कळ आली, अगदी लहान, दारावर कुणी बोटानं वाजवावं तशी. काकांनी टाच दाबली. गेली. पावणेचारला पुन्हा आली. या वेळी ती दार ठोठावत होती. गोळी कामाला लागली होती.

शेजारच्या खुर्चीवर एक जाडजूड गृहस्थ थंड पेयाचा भलामोठा पेला घेऊन बसले होते. नळीनं ओढायचे, बर्फ हलवायचे, पुन्हा ओढायचे. प्रत्येक वेळी काका टाच आणखी दाबायचे. मेल्या, तुला गाठ नाही का, काका मनात म्हणाले. एकदा गृहस्थांनी पेला पुढे केला. "घेता का थोडं? घामाघूम झालात." काकांनी अशी मान हलवली की गृहस्थ दचकले.

चार वाजून वीस मिनिटं. म्हणजे एक तास वीस. पुढच्या रांगेतली एक बाई उठली. काकांनी मान न हलवता, नुसते डोळे वळवून दाराकडे पाहिलं. बाई मुलाच्या समोरून गेली. पेनाचा दिवा लागला, वहीवर दोन अक्षरं पडली, दिवा विझला. तेवढ्या उजेडात मुलाचा चेहरा दिसला. रागावलेला नव्हता. कुणी हलकेच चिमटा काढल्यावर माणूस जसा तोंड आवळून घेतो, तसा होता. एका परक्या बाईच्या उठण्यानं हे होतं, तर बापाच्या उठण्यानं काय होईल?

मग दुसरा एक जण उठला, मग दोघे मिळून. दिवा लागायचा, विझायचा. काकांच्या मनात आलं, या दोघांच्या मागोमाग सटकावं, गर्दीत कोण बघतंय? पण पोराची नजर फिरून फिरून तिसऱ्या रांगेवरच येत होती. तो बाकीच्यांच्या वेळा लिहीत होता आणि बघत होता एकाच खुर्चीकडे.

पावणेपाचला काकांना पडद्यावरचं काही कळेनासं झालं. कुणीतरी बोलत होतं, कुणीतरी रडत होतं. ओटीपोटात दगड बसला होता आणि दगडाला धार फुटली होती. मांड्या थरथरत होत्या. दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे धरले होते, जुन्या सवयीनं, जसे केबिनमधले धरायचे. काकूंनी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि कानाशी कुजबुजल्या, "रडू येतंय ना? मलाही." काकांनी मान डोलावली.

पाच वाजून आठ मिनिटं. म्हणजे अजून एक तास चार मिनिटं. आणि तिथे काकांनी हिशोब केला की हे होणार नाही. सरळ आहे, होणारच नाही. उठून जाऊ, पोराला दाराशी दोन शब्दांत सांगू, परत येऊ. काय म्हणेल? नवीन पँट, एवढे लोक, इज्जतीचा पंचनामा होण्यापेक्षा ते परवडलं. त्यांनी दांड्यांवर भार दिला, बूड चार बोटं उचललं. शेजारच्या गृहस्थांनी वाट द्यायला गुडघे आत घेतले.

पडद्यावर शाळेचा हॉल आला.

काका तसेच अर्धवट उभे राहिले. पहिल्या रांगेत नावाडी बसला होता, अंगावर कामाचेच कपडे, बाह्या ओल्या. रंगमंचावर गालांना रंग लावलेला एक मुलगा काहीतरी म्हणत होता. म्हणता म्हणता त्यानं पहिल्या रांगेकडे पाहिलं. नावाडी उठला, वाकून, डोकं खाली घालून, दाराकडे चालू लागला. दार उघडलं. दार मिटलं. मुलगा पुढचं वाक्य विसरला. आतून कुणीतरी ते सांगत होतं आणि त्याला ऐकू येत नव्हतं, तो फक्त त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होता. पडदाभर ती खुर्ची. कितीतरी वेळ. संगीत नाही, पाणी नाही, काही नाही.

काकांना हे माहीत नव्हतं. ते तर मैदानात होते ना. पोरगं वाक्य विसरलं होतं, सगळ्या शाळेसमोर विसरलं होतं, हे त्यांना वीस वर्षांनी आज कळलं. घरी येऊन त्यानं एवढंच विचारलं होतं, तुम्ही मध्येच गेलात? आणि आपण म्हटलं, काम आठवलं. काकांच्या काळजाचं पाणी पाणी झालं.

त्यांनी दाराकडे पाहिलं. मुलगा आता पडद्याकडे बघत नव्हता, वहीकडे बघत नव्हता. त्याला अर्धवट उठलेला बाप दिसत होता. पेनाचा दिवा लागलेला होता. पेन वहीवर टेकलेलं होतं आणि हलत नव्हतं.

हुकाला वजन लटकत होतं.

काका खाली बसले. दोन्ही हातांनी दांडे पकडले आणि बसले. पेन वहीवर दोनदा सरकलं. दिवा विझला.

पुढे जे झालं ते पाच-सात मिनिटांत झालं. आधी थोडं. त्यांनी दातओठ खाऊन ते थांबवलं. मग पुन्हा थोडं, आणि मग थांबवण्यासारखं त्यांच्यात काही उरलंच नाही. ऊन ऊन पाणी मांड्यांवरून गुडघ्यांपर्यंत, पोटऱ्यांपर्यंत गेलं आणि नव्या मोज्यांत उतरलं. त्यांना लाज वाटली, इतकी की कानांच्या पाळ्या पेटल्या. आणि खोटं कशाला सांगू, त्याच क्षणी इतकं बरं वाटलं की डोळ्यांतून पाणी आलं. काकूंनी पर्समधून रुमाल काढून दिला. त्यांनी डोळे पुसले. बाकीचं पुसायला तो रुमाल पुरणार नव्हता.

मग एक गंमत झाली. आवरून धरायचं काही उरलं नाही तसा काकांना सिनेमा दिसायला लागला. थिएटरच्या गार हवेत ओली पँट मांड्यांना चिकटली होती, तरी दिसायला लागला. नावाडी नाव सोडण्याआधी सुकाणूवर बोटाच्या पेरानं दोनदा टकटक करायचा. काकांनी श्वास रोखला. क्रेन सुरू करण्याआधी ते दांड्यावर अशीच टकटक करायचे, दोनदा. मुलाला ते एकदाच, सहा वर्षांचा असताना, साइट दाखवायला घेऊन गेले होते. एकदाच. तेवढं त्यानं जपून ठेवलं होतं. बापावर इतका रागावलेला पोरगा आणि बापाची टकटक मात्र विसरला नाही.

सहा वाजून बारा मिनिटांनी दिवे लागले.

 मग मागून टाळ्या सुरू झाल्या, वाढत पुढे आल्या आणि सगळं थिएटर उभं राहिलं. खुर्च्यांच्या बैठका धडाधड वर गेल्या. मुलगा आणि त्याची माणसं पडद्यापुढच्या कट्ट्यावर आली. काकू उभ्या राहून रडत टाळ्या वाजवत होत्या. शेजारचे गृहस्थ पेला खाली ठेवून टाळ्या वाजवत होते. पुढची रांग उभी, मागची रांग उभी. बसलेलं माणूस एकच.

"अहो, उठा ना!" काकू दंड ओढत म्हणाल्या. "सगळे उभे राहिलेत!"

"पाय... पायाला मुंग्या आल्यात."

"बघतोय तो! उठा!"

तो बघतच होता. कट्ट्यावरून, इतक्या उभ्या माणसांमधून त्यानं ती एक बसलेली जागा हुडकून काढली होती. तोंडावर हसू होतं, लोकांसाठी होतं, आणि ते हळूहळू उतरत चाललं होतं. काकांनी तो चेहरा ओळखला. तासाभरापूर्वीच पडद्यावर पाहिला होता, गालांवर रंग असलेला. म्हणजे ही पीडा काही टळणारी नव्हती. उठून गेलो तरी तेच, बसून राहिलो तरी तेच. सगळं सोसून, पार शेवटपर्यंत बसूनही, पोराला पुन्हा तेच दिसणार होतं की बापाला आपलं काही भावलं नाही.

धरणीनं पोटात घेतलं असतं तर काका आनंदानं गेले असते. पण थिएटरची फरशी घट्ट होती.

ते उठले.

दांड्यांवर हात टेकून, सावकाश, पूर्ण उंचीनं उठले. फिक्कट करडी पँट पुढून, मांड्यांपासून खाली घोट्यांपर्यंत काळी झाली होती. वरचे दिवे अगदी लख्ख होते. पुढच्या रांगेतली दोन माणसं मागं वळली होती, त्यांनी झटकन नजर फिरवली. शेजारचे गृहस्थ अर्धं पाऊल मागं सरकले. काकूंनी पाहिलं आणि त्यांचा हात तोंडावर गेला. काकांनी हात जराही पुढे घेतले नाहीत. त्यांना ते हात दुसऱ्या कामाला हवे होते. त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, जोरजोरात, क्रेनचे दांडे धरून घट्टे पडलेल्या हातांनी.

मुलाच्या चेहऱ्यावरचं सगळं थांबलं. त्यानं वडिलांच्या तोंडाकडे पाहिलं, पँटकडे पाहिलं, पुन्हा तोंडाकडे पाहिलं. मग कुणाला काही न सांगता तो कट्ट्यावरून खाली उतरला. लोक हात पुढे करत होते, ते ओलांडून, दहा गुडघे ओलांडून तिसऱ्या रांगेत आला.

"बाबा."

"फार छान केलायस," काका म्हणाले.  "ती टकटक... ती पण घातलीस."

"बाबा, हे..."

"त्या दिवशी शाळेतही हेच झालं होतं. मैदानात. म्हणून परत आलो नाही रे. काम बिम काही नव्हतं."

 काकू एकदा नवऱ्याकडे, एकदा मुलाकडे बघत होत्या. गोळीचा आणि पेल्याचा अर्थ त्यांना आत्ता लागत होता, आणि त्यांनी कपाळाला हात लावला. आजूबाजूच्या टाळ्या विरत चालल्या होत्या. मुलाच्या हातातली वही उघडीच होती. काकांचं लक्ष गेलं. वेगवेगळ्या मिनिटांच्या नोंदी होत्या, पुढे एकेक शब्द. एकशे अठ्ठाविसाव्या मिनिटापुढे नुसतं 'बाबा' लिहिलेलं होतं आणि मग ते दोन रेघांनी खोडलेलं होतं.

"एवढं झालं तरी उठला का नाहीत?" मुलगा शेवटी म्हणाला.  "बाजूलाच तर होतं. दोन मिनिटांत जाऊन आला असतात."

"तू दाराशी उभा होतास ना," काका म्हणाले.

मुलानं मान खाली घातली. त्यानं वही मिटून खिशात कोंबली, काळा शर्ट काढला, आत नुसता बनियन होता, आणि शर्टाच्या बाह्या वडिलांच्या कमरेला बांधल्या. गाठ त्याला जमेना. ती काकूंनी मारून दिली. मग तो पुढे झाला, काका मध्ये आणि मागे काकू, असे तिघे गुडघ्यांमधून वाट काढत निघाले. शेजारच्या गृहस्थांनी आपणहून बाजूला सरकून वाट दिली.

"सावकाश या, बाबा," मुलगा हात धरून म्हणाला. "घाई नाही."

"आता कसली घाई?" काका म्हणाले.